फोन लागल्यानंतरचा दिवस

सकाळी ६:५०

लातूरच्या बसस्थानकात उमरग्याची गाडी फलाटाला लागलीय. ताई खिडकीजवळची जागा धरते आणि पिशवी मांडीवर घेते. पिशवी जड आहे. आत श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे कोरे अर्ज, स्टॅम्पपॅड, दोन पेनं, डिंकाची बाटली, पॉवर बँक, बिस्किटांचे चार पुडे. आणि प्लॅस्टिकच्या डबीत एक ओला रुमाल. तो कशाला, ते दहाच्या सुमारास कळेल.

कंडक्टर मशीनमधून अर्धं तिकीट काढून देतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं भाडं आहे. ताई तिकिटाची घडी करून डायरीत ठेवते. महिनाअखेरीला बिलाला जोडायला लागतं. पुढच्या बाकावर पटका बांधलेले आजोबा बसलेत, त्यांना पैसे द्यावे लागत नाहीत. पंचाहत्तरी गाठली की साध्या एसटीत प्रवास फुकट. आजोबा तरी दोनदा आधारकार्ड चाचपून बघतात. कार्ड घरी राहिलं तर सवलतही घरीच राहते.

ताई १४५६७ साठी काम करते. ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन, एल्डरलाइन. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची. २०२१ मध्ये ती देशभर सुरू झाली आणि महाराष्ट्रात पुण्याच्या जनसेवा फाउंडेशननं ती चालवायला घेतली. सकाळी ८ ते रात्री ८, सातही दिवस. फोनला पैसे पडत नाहीत. बरेचसे फोन बोलण्यावर सुटतात : अर्ज कुठं मिळतो, कोणत्या ऑफिसात जायचं, कुठल्या दवाखान्यात दाखवायचं. काहींना नुसतं कुणाशी तरी बोलायचं असतं. जे बोलून सुटत नाही त्यासाठी कुणाला तरी गाडी पकडून जावं लागतं. लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. आज औसा तालुका, गाव किल्लारी.

पगार किती, ते ताई सांगते. पण छापू नका म्हणते.

सकाळी ८:०५

लामजना मागं पडतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची काढणी चाललीय. कुठं गंजी ताडपत्रीखाली, कुठं मळणीयंत्राची धूळ. सुगीचे दिवस. ज्याचे हातपाय चालतात तो रानात आहे. गावात राहिलेत ते लेकरं आणि म्हातारी माणसं.

ताईचा फोन वाजतो. ठरलेल्या तीन कामांत चौथं येऊन पडतं. चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसानं आठ वाजताच फोन लावलाय. आई किल्लारीत एकटी असते. चार दिवस झाले, तिचा फोन लागत नाही. शेजारी रानात. ओळखीच्या दोघांना सांगितलं, दोघंही "बघतो" म्हणाले.

"आधी तिकडं," ताई म्हणते. डायरीत वरच्या कोपऱ्यात एक लिहून त्याभोवती गोल काढते.

सकाळी ८:३०

किल्लारीत उतरल्यावर चहा. दहा रुपये. डायरीत टिपण.

नवी किल्लारी सरळ रेषेत आखलेली आहे. रस्ते रुंद, घरं सुटी, मधे मोकळी जागा. जुन्या गावात घरं एकमेकांना चिकटून होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचं जड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, ती माळवदं खाली आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सरकारी हिशेबानंच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ५२ गावं उठून नव्या जागी गेली. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि अगदी थोडकी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०.

भूकंपातून वाचलेला तिशी-चाळिशीतला माणूस आज साठी-सत्तरीच्या पुढं गेलाय. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना म्हातारपणी ज्यानं बघायचं, तो लेक किंवा ती सून त्या पहाटे मातीखाली राहिली. पुनर्वसनात घर मिळालं, रस्ता मिळाला, नळ मिळाला. ही जागा कुणाला भरून देता आली नाही. किल्लारीत वृद्धांसाठीचा फोन वाजतो तेव्हा त्याच्या मागं हा हिशेब असतो, आणि तो ध्यानात न घेता इथलं कुठलंच काम समजत नाही.

अंतरं लांब आहेत. गल्लीत हाक मारली तर पलीकडच्या घरात ऐकू जात नाही. ताई चालत निघते. रिक्षावाला पन्नास सांगतो. ती मान हलवते.

सकाळी ८:५५

अडीचशे फुटाचं घर, पुढं पत्र्याचं शेड. शेडमध्ये म्हातारी बसलीय. हातात सूप. सोयाबीन पाखडतेय. दोन दिवस ती दुसऱ्याच्या रानात सरवा वेचतेय. कापणीनंतर मागं राहिलेल्या शेंगा एकेक करून वेचायच्या, बडवायच्या, पाखडायच्या. पोतडीत चार-पाच किलो भरेल एवढं धान्य झालंय. तळहाताला शेंगांची टोकं रुतून बारीक काळे ठिपके पडलेत.

"ये माय, बस. कोण म्हनायचं?"

ताई नाव सांगते. मुलानं पाठवलं म्हणते. म्हातारीचा हात सुपावरच थांबतो.

"लेक बरा हाय न्हवं?"

तिला वाटत होतं, लेकच फोन करत नाही. लेकाला वाटत होतं, आईला काही झालं. ताई फोन मागते. बटनांचा जुना फोन, पदराच्या गाठीसारखा फडक्यात बांधलेला. चार्जिंग भरलेलं. रेंज आहे. रिचार्ज नाही. पॅक संपून बरेच दिवस झालेत. आधी इथून जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. एरवी लेक तिकडून मारायचा, दिवाळीच्या धावपळीत राहून गेलं.

अठ्ठावीस दिवसांचं सगळ्यात कमी रिचार्ज दोनशेच्या घरात जातं. बाजारात सोयाबीन किलोला चाळीसच्या आसपास विकतंय. म्हणजे पाच किलो. म्हणजे त्या पोतडीतला सगळा सरवा, दोन दिवसांचं वाकणं. महिनाभर लेकाचा आवाज ऐकू यायचा तर एवढं. ताई हे बोलून दाखवत नाही. स्वतःच्या फोनवरून लेकाला लावते आणि म्हातारीच्या कानाला धरते.

"जेवलास का?" म्हातारीचं पहिलं वाक्य.

पलीकडं बराच वेळ नुसतंच "हां, हां" चाललंय. हा लेक भूकंपात आठ वर्षांचा होता. बाप आणि दोन बहिणी गेल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं त्या वेळी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या मुलांत हाही होता. शिकला, तिकडंच नोकरीला लागला. आईला दोनदा घेऊन गेला. ती दोन्ही वेळा परत आली. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर तिचं मन लागत नाही.

लेक पाच मिनिटांत रिचार्ज मारतो. ताई तिथंच थांबून म्हातारीच्या फोनवर मिस्ड कॉल देऊन बघते. वाजतो. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौथ्या आठवड्यातल्या एका तारखेला खूण करते. "ह्या तारखेच्या आधी लेकाला आठवण करायची." शेजारणीचा नंबर घेते, तो लेकाला देते. चाकणचा माणूस आणि किल्लारीतली शेजारीण दोघं एकमेकांना ओळखतात, पण नंबर कुणाकडं नव्हता. निघताना म्हातारी मूठभर सोयाबीन पदरातून काढून पिशवीत टाकू बघते. ताई पिशवीचं तोंड धरते.

सकाळी १०:१५

सेवा केंद्र म्हणजे दहा बाय दहाची टपरी. एक संगणक, एक प्रिंटर, एक पंखा. बाहेर तेरा-चौदा माणसं, निम्मी बायका. कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला पीकविमा, कुणाला रेशनची केवायसी. झेरॉक्स पानाला दोन रुपये. दाखला, स्कॅनिंग, झेरॉक्स धरून शंभराची नोट मोडते. ज्याला पैसे हवेत तो आधी पैसे मोडून आलाय.

चौऱ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा ताईची वाट बघत उभे आहेत. एकरभर रान, बाकी आयुष्य दुसऱ्याच्या रानात आणि खडी फोडण्यात गेलं. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार मिळायचे. नवं वर्ष लागल्यापासून खात्यात एक रुपया नाही. बँकेत पाच वेळा गेले. बँक म्हणते तहसीलला विचारा. तहसीलमध्ये यादीत नाव आहे, पैसे गेलेत म्हणतात. आजोबांच्या एका भाच्यानं वैतागून १४५६७ लावला.

"गेलेत तर गेलेत कुठं?" आजोबा. "का माजंच नशीब फुटकं?"

ताईला अंदाज आहे. आधी हे पैसे तहसीलच्या यादीतून, बँकेनं दिलेल्या खाते क्रमांकावर जायचे. आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. आधार एका वेळी एकाच खात्याला जोडलेलं असतं. शेवटी जिथं जोडलं तिथं. माणसाला आठवतं ते पहिलं खातं. सरकारी संगणकाला ठाऊक असतं शेवटचं.

आधारच्या संकेतस्थळावर ते बघता येतं. त्याआधी आत शिरावं लागतं. ताई दुकानातल्या मुलाला सांगते, मुलगा आकडे टाकतो. ओटीपी जातो. कुठल्या फोनवर? आजोबांना माहीत नाही. शेवटचे काही आकडे दिसतात. भाचा ओळखतो, हा नातवाचा नंबर. नातू रांजणगावला कंपनीत आहे. फोन लावला तर बंद. पाळीवर असताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाची सुट्टी साडेबाराला.

म्हणजे साडेबारापर्यंत थांबा.

तेवढ्यात दुसरं काम. एका आजीचं रेशनच्या केवायसीसाठी बोट उठत नाही. ताई डबी उघडते. ओला रुमाल. आजीचा अंगठा रुमालात धरून दाबते, चोळते, मग कोरड्या टोकानं टिपते. पूर्ण ओलं बोट चालत नाही आणि पूर्ण सुकंही नाही. मशीनवर अंगठा. लाल दिवा. तर्जनी. लाल. आजीच्या बोटांना रेषाच उरलेल्या नाहीत. भांगलताना, शेण काढताना, चुलीच्या राखेनं भांडी घासताना सगळ्या झिजून गेल्या. दुकानातला मुलगा म्हणतो, "डोक्यावरनं फिरवा बोट, तेल लागू द्या." मधलं बोट. लाल. डाव्या हाताचं मधलं बोट. मशीन जरा वेळ विचार केल्यागत थांबतं, मग हिरवा.

रांगेतल्या चार बायका एकदम "झालं बया" म्हणतात.

ताई आजीच्या रेशनकार्डाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून देते : डावा हात, मधलं बोट. पुढच्या खेपेला दुकानदाराला तेच दाखवायचं. कुठल्याही शासन निर्णयात ही नोंद नाही. पण पुढच्या महिन्यात तिचा एक तास वाचेल आणि कदाचित पाच किलो धान्यही.

दुपारी १२:३४

नातू फोन उचलतो. पाठीमागं कँटीनचा गोंगाट. ओटीपी दहा मिनिटांच्या आत टाकावा लागतो. ताई इकडून पाठवायला सांगते, तो तिकडून आकडे वाचतो, मुलगा टाकतो. एकदा चुकतं. दुसऱ्यांदा लागतं.

पडद्यावर खात्याचं नाव येतं. बँक वेगळीच. पोस्टाची.

आजोबा म्हणतात, "पोस्टात माजं खातं न्हाई."

आहे. दोन वर्षांपूर्वी पीएम किसानचे दोन हजार अडकले होते, तेव्हा पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन गेला होता. पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं तेव्हाच उघडलं आणि आधार तिकडं जोडलं गेलं. या खात्याला पासबुक नाही. चौकटी-चौकटींची खूण असलेलं एक कार्ड असतं. भाचा घरी पळतो. सातबारा आणि जुन्या पावत्यांच्या पत्र्याच्या पेटीत कार्ड सापडतं. आजोबांनी ते विम्याचं समजून जपून ठेवलं होतं.

दुपारी १:२०

पोस्टमन सायकल लावून कट्ट्यावर बसलाय. मोबाइल आणि बोटाचं छोटं यंत्र त्याच्या खिशातच असतं. पुन्हा रुमाल. आजोबांचा उजवा अंगठा पहिल्या फेरीतच लागतो, हे आजचं भाग्य.

शिल्लक तेरा हजार आठशे.

आजोबा आकडा दोनदा विचारतात. मग गप्प होतात. मग एकदम हिशेब सुरू करतात. किराणा दुकानदाराचे बावीसशे, बहिणीकडून घेतलेले हजार, डोळ्याचे थेंब. "चार हजार काढा. बाकी ऱ्हाऊ द्या." पोस्टमन मोजून देतो. आजोबा परत मोजतात, बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि वरून हात ठेवून बसतात.

इतके महिने हे पैसे येत होते. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आजोबांनी तेवढ्या महिन्यांत उधारीवर तेल आणलं. कुणी चोरी केली नाही, कुणी लबाडी केली नाही. फक्त कुणी शेजारी बसून विचारलं नाही की आजोबा, शेवटचा अंगठा कुठं दिला होता.

ताई आधार पुन्हा जुन्या बँकेला जोडायचं का विचारते. आजोबा मान हलवतात. "नको माय. पोस्टमन दारात येतो. बँकेत उभं ऱ्हावं लागतं."

दुपारी २:१०

जेवण. शेजारच्या गावाहून एक बाई खास आलीय. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. ताई तिला काकू म्हणते. किल्लारी परिसरातलं कुठलंही काम निघालं की ताईचा पहिला फोन काकूंना असतो.

काकू साठीच्या पुढच्या. भूकंपानंतर दीड-दोन वर्षांनी प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावी एकेक बाई निवडली, तिला संवाद सहायक म्हणत. जी गावं उठली नाहीत, ज्यांची घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, अशा हजारावर गावांत या बायका होत्या. काकू त्यांतल्या एक. घरोघर जायचं, हप्ता कुठं अडकला ते विचारायचं, भिंतीत बांधणीचे लांब दगड घातले का, माळवदावरची माती कमी केली का, ते बघायचं. गावातलं ऑफिसात सांगायचं, ऑफिसातलं गावात. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सरकू न देणाऱ्या बायका तालुक्याच्या इंजिनिअरला सिमेंटचं प्रमाण विचारू लागल्या.

"तवा फोन कुटं व्हता," काकू म्हणतात. "पायच फोन."

मला वाटतं, या भागात हेल्पलाइन पहिल्यांदा आली ती तेव्हाच. तिला नंबर नव्हता एवढंच.

दुपारी ३:२०

काकूंना आणायचं कारण आता येतं. दोन भावांची घरं, समोरासमोर. आई सत्तरीची. नवरा गेल्यावर घराचा कबाला तिच्या नावावर व्हायचा तो राहिलाच. थोरल्यानं मागं खोल्या वाढवल्या, धाकट्यानं समोरचा प्लॉट घेतला. आईची पाळी लावलीय. एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं.

शेजाऱ्यानं फोन केला तो ३१ तारखेवरून. तीस दिवस आपले, असं दोघंही धरून चालतात. एकतिसावा दिवस कुणाचाच नाही. त्या दिवशी म्हातारी अंगणात बाजेवर बसून असते. गेल्या ३१ तारखेला दिवसभर ती चहावर होती.

ताईच्या पिशवीत २००७ च्या कायद्याची मराठी प्रत आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. वकील लागत नाही. नव्वद दिवसांत निकाल लागावा अशी तरतूद आहे. महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी बसवता येते. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली असेल आणि सांभाळलं नाही, तर ते लिहून दिलेलं रद्द करून घेता येतं.

ताई हे सगळं म्हातारीला हळू आवाजात सांगते. म्हातारी ऐकून घेते.

"पोरावर केस?" ती म्हणते. "आन मग मेल्यावर खांदा कोन देनार?"

ताई जोर करत नाही. अर्ज तिच्या हातात देत नाही, परत पिशवीत ठेवते. कायदा आईसाठी आहे. तिनं नको म्हटलं तर नको. तासभर काकू दोन्ही सुनांशी बोलतात, ताई थोरल्या भावाशी. धाकटा रानात आहे, त्याच्याशी फोनवर. आवाज चढतात, उतरतात. जुना राग बाहेर येतो : बापाच्या आजारपणात कुणी किती घातले, बैल कुणी विकला. आईचं नाव मधे येतच नाही, ताई दर वेळी परत आणते. थोरली सून एकदम म्हणते, "मला म्हनायचं तर म्हना. पर सासूबाईचं औषध म्या आनते, ते कुनी लिवलं का?" काकू म्हणतात, लिहा. ताई लिहिते. बीपीची गोळी, महिन्याला दोनशे साठ. ग्रामीण रुग्णालयात ती फुकट मिळते, हे सुनेला माहीत नव्हतं. ताई केसपेपर कसा काढायचा ते सांगते.

शेवटी ठरतं एवढंच : पाळी महिन्याची नाही, पंधरवड्याची. पौर्णिमा ते अमावास्या एकाकडं, अमावास्या ते पौर्णिमा दुसऱ्याकडं. त्यात फालतू दिवस उरत नाही. सुचवलं काकूंनी. औषध रुग्णालयातून, आणायचं धाकट्यानं. कागद होतो, दोघांच्या सह्या, एक अंगठा. हा कागद कोर्टात चालणार नाही. ताईला ते माहीत आहे. महिन्यानं परत यायचं, असं ती डायरीत लिहिते. तारीख घालते. आणि कायद्याची प्रत काकूंजवळ ठेवते, म्हातारीला वाटलं तर.

दुपारी ४:५०

बसस्थानक. चहाच्या टपरीवाल्यानं कळवलेलं. एक वयस्कर माणूस चार रात्री बाकावर झोपतोय. पोटरीवर जखम, त्यावर मळकं फडकं. मराठी कळतं, बोलतो कानडीमिश्रित. गाव बसवकल्याणजवळ, असं काहीसं. गावाचं नाव दर वेळी जरा वेगळं येतं. कागद एकही नाही.

टपरीवाला चार दिवस त्याला चहा आणि पाव देतोय. पैसे घेत नाही. "देवाच्या नावानं चाललंय, पर जखमेचं काय करू?"

वृद्धाश्रमात न्यायचं तर पोलिसांचं पत्र लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो, आधार लागतं. हे नियम कुणी दुष्टपणानं केलेले नाहीत. उद्या कुणी नातेवाईक शोधत आले तर दाखवायला काहीतरी हवं. पण आज रात्रीचं काय, याचं उत्तर त्या नियमांत नाही.

ताई केळी आणते. सहा, तीस रुपयांना. तो दोन खातो, दोन खिशात ठेवतो, दोन टपरीवाल्यापुढं धरतो. मग रिक्षा. या वेळी ताई घासाघीस करत नाही.

ग्रामीण रुग्णालयात जखम धुतात. साखर तपासतात. वाढलेली. डॉक्टर दोन दिवस भरती करून घेतो म्हणतात. म्हणजे आजची आणि उद्याची रात्र गादीवर. जेवण आणि पांघरूणही. पोलीस ठाण्यात नोंद होते, ठाणे अंमलदार पत्र उद्या सकाळी देतो म्हणतात. ताई त्याचा फोटो काढते. त्याला विचारून. कर्नाटकातही १४५६७ हाच नंबर चालतो, पण तिथलं केंद्र वेगळं. फोटो आणि गावाच्या नावाचे तीनही प्रकार पुण्यामार्फत तिकडं जातात. उमरग्याला ताईच्या ओळखीचा एक कानडी बोलणारा शिक्षक आहे, त्याला फोनवर घेते. वॉर्डात, खाटेवर बसलेला माणूस पहिल्यांदा सरळ पाच-सहा वाक्यं बोलतो.

शिक्षक तिकडून सांगतो : मुलीकडं निघाले होते. पिशवी गाडीत राहिली, त्यात नंबर होता.

मुलीचं सासरचं गाव आता कळलंय. नाव एकदाच येतं, दोनदा वेगळं येत नाही.

संध्याकाळी ६:४५

परतीची गाडी लातूरकडं. रानातून परतलेल्या बायकांनी भरलेली. उभं राहून यावं लागतं. काढणीचा रोज यंदा चारशेच्या वर गेलाय, त्याची चर्चा. औशाला जागा मिळते.

ताई डायरी काढते. तिकीट दोन वेळचं. चहा तीन. झेरॉक्स बावीस रुपये. केळी तीस. रिक्षा ऐंशी. रिक्षा बिलात बसेल की नाही, सांगता येत नाही, ती वेगळ्या पानावर लिहिते. रुमालाची डबी उघडून बघते. सुकत आलाय.

संध्याकाळी ७:४०

पुण्याला दिवसाचा अहवाल. सुगीतली एकटी आई : सुटलं. श्रावणबाळ : सुटलं. दोन भाऊ : चालू. बसस्थानकातला माणूस : चालू. रेशनवाल्या आजींची नोंदच नाही, कारण त्यांनी फोन केला नव्हता.

आठला वीस मिनिटं असताना एक नवी केस येते. निलंगा. आजोबा-आजी दोघंच, आजोबांना अर्धांगवायू, आजीला त्यांना एकटीनं उचलता येत नाही. चाकाची खुर्ची कुठं मिळेल? ताई पत्ता लिहून घेते. जवळचा ओळखीचा कोण, ते विचारते. सकाळची निलंग्याची गाडी कितीची, ते बसस्थानकात उतरल्यावरच बघून ठेवायचं आहे. आणि त्याआधी किल्लारी पोलीस ठाण्याला फोन, पत्रासाठी.